वाचकांचे प्रश्न: कॉलेज बघायला जाताना

कॉलेज निवडीबद्दल आलेल्या पत्रांतली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं दिलेली नाहीत.

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे, पुढे इंजिनिअरिंगला जायचं आहे. बाबा म्हणतात, सोलापूर आणि पंढरपूरची कॉलेजं एकदा बघून येऊ. पण गेलो की ऑफिसात बसवतात, माहितीपत्रक देतात, इमारत फिरवून आणतात. आम्ही नेमकं बघायचं तरी काय? (विद्यार्थिनी, बार्शी)

आधी दिवस नीट निवड. रविवारी, गॅदरिंगच्या आठवड्यात किंवा परीक्षा चालू असताना गेलात तर इमारतीशिवाय काही दिसणार नाही. तुझी बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, सीईटी त्यानंतर, आणि मे-जूनमध्ये बहुतेक कॉलेजं आपल्याच परीक्षांत गुंतलेली. त्यामुळे सोयीचा काळ दोनदाच मिळतो. एक, दिवाळीच्या सुट्टीनंतर तास सुरळीत चालू असताना. दुसरा, जुलैमध्ये, वरच्या वर्गांचे तास सुरू झालेले असतात आणि प्रवेशासाठी तुमचे कॉलेजांचे पर्याय भरायचे बाकी असतात तेव्हा. स्वायत्त कॉलेजांचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून आदल्या दिवशी फोन करून ‘उद्या प्रॅक्टिकल आहेत ना’ एवढं विचारून घ्या. एका दिवशी एकच कॉलेज. सोलापूर-पंढरपूर एका दिवसात उरकायला गेलात तर हाती माहितीपत्रकंच येतील.

ऑफिसातलं बोलणं झालं की तुला ज्या शाखेत जायचं आहे तो विभाग दाखवायला सांगा. कॉलेजचं नाव कितीही मोठं असलं तरी तुझी पुढची चार वर्षं त्या एका विभागात जाणार आहेत. एखाद्या कॉलेजचा मेकॅनिकल विभाग भक्कम आणि नव्यानं काढलेली शाखा अगदीच कच्ची, असं सर्रास असतं.

प्रयोगशाळेत यंत्रं किती आहेत ते मोजू नका, ती चालतात का ते बघा. सिव्हिलच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात 150 मिलिमीटरचे काँक्रीटचे चौकोनी ठोकळे रचलेले असतात. मुलं ते साच्यात ओततात, पाण्यात ठेवतात आणि 7 व 28 दिवसांनी यंत्रात दाबून किती भार सोसतात ते मोजतात. ठोकळ्यावर ओतल्याची तारीख लिहिलेली असते. ती याच सत्रातली असेल तर काम चालू आहे. ठोकळ्यांवर बोटभर धूळ आणि तारीख पुसट झालेली असेल तर प्रयोग बहुतेक वहीतच होत असावेत. मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये लेथखाली धातूचा ताजा कीस पडलेला आहे का बघा. इलेक्ट्रिकलमध्ये मीटरवर कॅलिब्रेशनचा, म्हणजे अचूकता तपासल्याचा स्टिकर आणि त्यावरची तारीख बघा. कॉम्प्युटर लॅबमध्ये वीस मुलांच्या बॅचला किती मशीन चालू आहेत आणि किती मुलं दोघांत एक बसली आहेत, ते दारातूनही दिसतं.

कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंड शाखांबाबत आणखी एक गोष्ट. 2024-25 पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेनं काही अटींवर शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. त्यामुळे काही ठिकाणी 60 जागांच्या 120 किंवा 180 झाल्या. जागा वाढल्या त्या वर्षी लॅब आणि शिक्षक वाढले का, हे विभागप्रमुखांना सरळ विचारा. हिशेब सोपा आहे. एआयसीटीईच्या निकषानुसार 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. 60 जागांच्या शाखेत दुसऱ्या ते चौथ्या वर्षाचे मिळून 180 विद्यार्थी होतात, म्हणजे विभागात निदान 9 शिक्षक. नोटीस बोर्डवरच्या वेळापत्रकात प्रत्येक तासासमोर शिक्षकाची आद्याक्षरं असतात. वेगवेगळी आद्याक्षरं किती ते मोजा आणि वेबसाइटवरच्या यादीशी ताडून बघा. यादीत 14 नावं आणि वेळापत्रकात 6 आद्याक्षरं, असं दिसलं तर बाकीचे कुठे आहेत हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नोटीस बोर्डापाशी पाच मिनिटं उभी राहा. सगळ्यात नवी नोटीस कोणत्या तारखेची आहे? अंतर्गत परीक्षेचे गुण लावले आहेत का? हजेरी कमी असलेल्यांची यादी आहे का? अशी यादी दिसली तर ती चांगली खूण समज, कारण तिथे हजेरी खरोखर घेतली जाते.

मग कँटीनमध्ये जा आणि त्याच शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोल. या वेळी बाबांना जरा लांबच्या टेबलावर बसायला सांग. ‘कॉलेज चांगलं आहे का?’ असं विचारलंस तर ‘चांगलं आहे’ हेच उत्तर येईल. त्याऐवजी विचार: काल किती तास झाले? मागच्या प्रॅक्टिकलची रीडिंग्ज स्वतः घेतली की सीनियरच्या जर्नलमधून उतरवली? गणिताच्या पेपरला वर्गातले साधारण किती जण अडकले? इंटर्नशिप कुठे केली, आणि ती कॉलेजनं मिळवून दिली की स्वतः शोधली? तिघी-चौघींची उत्तरं एकाच दिशेला जात असतील तर ती खरी धरायला हरकत नाही.

नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या दोन संस्थांत गल्लत करू नकोस. नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेला मिळते, एनबीएचं मानांकन एकेका शाखेला. ‘आमचं कॉलेज एनबीए आहे’ असं कुणी म्हणालं तर ‘कोणती शाखा, कोणत्या वर्षापर्यंत?’ एवढंच विचार. दोन्हींना मुदत असते आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर ती छापलेली असते.

प्रश्न: मी यंत्रमाग कारखान्यात कामाला आहे. मुलीनं सीईटी दिली आहे. आम्ही इतर मागासवर्गात येतो. निकालाआधीच एका माणसाचे फोन येतायत: ‘पुण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरची जागा धरून ठेवतो, आत्ता 50 हजार भरा, बाकीचं नंतर.’ नाही म्हटलं तर जागा जाईल अशी भीती वाटते. (पालक, पूर्व भाग, सोलापूर)

दादा, एक रुपयाही भरू नका. भीती वाटणं साहजिक आहे, पण यात तुमचं नुकसान दुहेरी आहे.

खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात बहुतांश जागा राज्य सीईटी कक्षाच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांतून भरतात. त्या जागा कुणालाच ‘धरून ठेवता’ येत नाहीत, त्या गुणवत्ता क्रमांकानुसार संगणक वाटतो. फोनवरचा माणूस बोलतोय ते संस्था स्तरावरच्या, म्हणजे कॉलेजनं स्वतः भरायच्या जागांबद्दल. त्या जागांसाठीही कॉलेजला जाहिरात द्यावी लागते, अर्ज मागवावे लागतात आणि गुणवत्ता यादी लावावी लागते. ठरलेल्या शुल्काच्या वर पैसे मागणं 1987 च्या महाराष्ट्र कॅपिटेशन फी प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे. एजंटला दिलेल्या पैशाची पावती मिळत नाही, म्हणून ते परतही मागता येत नाहीत.

दुसरं नुकसान याहून मोठं आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. पण त्यासाठी प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. संस्था स्तरावर प्रवेश घेतला की ही सवलत गेली आणि चारही वर्षांची फी तुमच्या खिशातून. जागा धरायच्या नादात तुम्ही मुलीच्या हक्काची माफी सोडून द्याल.

आता त्या फोनऐवजी कागदांकडे लक्ष द्या. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, हे चार कागद निकालाआधी हातात हवेत. सगळ्यात जास्त वेळ जात वैधतेला लागतो, आणि पुष्कळांचं गाडं नेमकं तिथेच अडतं. नॉन-क्रीमीलेअरवरची मुदत चालू आर्थिक वर्षाची आहे ना, तेही पाहा, नाहीतर राखीव जागेचा दावा खुल्यात ढकलला जातो. प्रवेश झाल्यावर महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर माफीचा अर्ज भरायचा आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करायचं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस, बस हे वेगळं. कोणत्या कॉलेजला किती शुल्क मंजूर आहे ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेज आणि अभ्यासक्रमानुसार दिलेलं असतं. मुलीला ते मोबाइलवर काढून दाखवायला सांगा आणि कॉलेजनं सांगितलेल्या आकड्याशी ताडा. दुसरं म्हणजे, टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जादा जागा, यांचा चॉइस कोड, म्हणजे पर्याय भरताना टाकायचा शाखेचा संकेतांक, वेगळा असतो. जागा मोजक्या असल्यामुळे त्यांचा कटऑफ बहुधा चढा लागतो. तुमच्या मुलीला माफी तशीही लागू होत असेल तर तिनं नेहमीचे कोडही जरूर भरावेत, फक्त टीएफडब्ल्यूएसवर विसंबू नये.

प्रश्न: घर सोलापुरात, पण अकरावी-बारावी लातूरला केली. मित्र म्हणतो, कटऑफच्या यादीत तू चुकीच्या रकान्यात बघतोयस. जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ, एल-ओपन-एस हे काय प्रकरण आहे? (विद्यार्थी, जुळे सोलापूर)

मित्राचं बरोबर आहे. पहिलं अक्षर: जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच वाचायचं राहून जातं: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. ज्या कॉलेजांत ही विभागणी आहे तिथे 70 टक्के जागा एच आणि 30 टक्के ओ.

होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, बारावी कुठून उत्तीर्ण झालास त्यावरून ठरते. लातूर जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाची हद्द सोलापूर जिल्ह्यापुरती आहे. म्हणजे आपल्याच गावातल्या कॉलेजात तू ओ, आणि पुण्यातही ओ. तुझ्याच गल्लीतला, बारावी सोलापुरातून झालेला मुलगा इथे एच. दोघांचे पर्सेंटाइल सारखे असले तरी निकाल वेगळा लागू शकतो. एच आणि ओ मधलं अंतर प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं, म्हणून अंदाज बांधू नकोस. आदल्या दोन वर्षांच्या याद्या घे आणि आपल्या रकान्यातला आकडा लिहून काढ. यादीत वर गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल असतो. तुलना गुणवत्ता क्रमांकानं कर. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, त्यामुळे तोच पर्सेंटाइल दर वर्षी वेगळ्या क्रमांकावर येतो.

पर्याय भरताना पहिल्या फेरीचाच नव्हे, शेवटच्या फेरीचाही कटऑफ समोर ठेव. आणि क्रम आवडीनुसार लाव, मिळण्याच्या शक्यतेनुसार नको. वरचे पर्याय कठीण टाकले म्हणून खालचा हातचा जात नाही. मात्र 2025-26 मध्ये पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी जागा मिळाली तर तीच घ्यावी लागत होती. म्हणून वरच्या सहांत न बघितलेलं किंवा मनातून नको असलेलं कॉलेज अजिबात टाकू नये. तुझ्या वर्षाची माहितीपुस्तिका आली की हे कलम सर्वांत आधी वाच.

प्रश्न: ‘वालचंद’ म्हणजे सांगलीचं आणि सोलापूरचं एकच का? (विद्यार्थिनी, मोहोळ)

नाही. सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग 1947 चं, सोलापुरातलं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 1983 चं. संस्था वेगळ्या, फी वेगळी, कटऑफ वेगळे. पर्याय भरताना नावावर जाऊ नकोस, कॉलेजचा संकेतांक आणि शाखेचा चॉइस कोड दोनदा वाचून मगच अर्ज नक्की कर.

प्रश्न: एका कॉलेजच्या फलकावर ‘100 टक्के प्लेसमेंट, सर्वोच्च पॅकेज 12 लाख’ असं लिहिलंय. मुलगा त्यावर भाळला आहे. किती खरं धरायचं? (पालक, विजापूर रोड)

सर्वोच्च पॅकेज एका मुलाचं असतं. तुमच्या मुलाच्या कामाचा आकडा आहे मीडियन, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीनं उभं केलं तर बरोबर मधोमध येणाऱ्याचा पगार. आणि ‘100 टक्के’ कशाचे, हे विचारलंच पाहिजे. पुष्कळदा ते ‘पात्र’ विद्यार्थ्यांचे असतात: एकही विषय राहिलेला नाही, ठरावीक गुण आहेत आणि नाव नोंदवलं आहे असे. 60 च्या वर्गातले 25 पात्र आणि 25 जणांना नोकरी, तरी फलकावर 100 टक्केच.

यावर चांगला उपाय आहे. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीसाठी अर्ज करणाऱ्या कॉलेजांना तिथे भरलेली माहिती आपल्या वेबसाइटवर ठेवावी लागते. ती पीडीएफ उघडा. त्यात प्रत्येक वर्षी किती मुलं पहिल्या वर्षाला आली, किती जण वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, मीडियन पगार किती आणि उच्च शिक्षणाला किती गेली, हे ओळीनं दिलेलं असतं. प्रवेश घेतलेले आणि वेळेत पास झालेले या दोन आकड्यांतलं अंतर मुलासोबत बसून बघा. आमच्या मते कॉलेजबद्दल सगळ्यात जास्त सांगणारा आकडा हाच आहे, आणि तो कोणत्याही फलकावर नसतो.

पीडीएफ नसेल तर प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे गेल्या वर्षीची शाखानिहाय यादी मागा: कंपनी, कामाचं स्वरूप, शहर, किती जण. ‘इंजिनिअर ट्रेनी’ आणि ‘सेल्स एक्झिक्युटिव्ह’ यांत फरक आहे. पॅकेजच्या आकड्यात पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस धरलेले असतात, म्हणून दरमहा हातात किती येतात हे माजी विद्यार्थ्याला विचारा.

प्रश्न: मुलीला रसायनशास्त्रात बी.एस्सी. करायचं आहे. सोलापूर की पुणे? (पालक, अक्कलकोट)

तिला पुढे एम.एस्सी. करायचं असेल तर पदवी सोलापुरात आणि पदव्युत्तर पुण्यात, हा मार्ग आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटतो. दयानंद आणि संगमेश्वर ही जुनी कॉलेजं इथेच आहेत. पुण्यातल्या खोली-मेसचे तीन वर्षांचे पैसे वाचतील ते पुढे उपयोगी पडतील. चिंचोळी एमआयडीसीत रसायन आणि औषधांचे कारखाने असल्यामुळे इंटर्नशिप शोधायलाही लांब जावं लागत नाही.

पण कॉलेज बघताना एक नक्की विचारा: नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषय म्हणून रसायनशास्त्र तिसऱ्या वर्षापर्यंत चालतं का, आणि चौथं, ऑनर्सचं वर्ष तिथे आहे का? काही ठिकाणी पहिल्या वर्षाला विषय असतो, पुढे मुलं कमी पडली की तुकडी मिळत नाही. प्रयोगशाळेत धूर ओढणारं कपाट चालू करून दाखवायला सांगा, आणि दोघींत एक ब्युरेट आहे की प्रत्येकीला स्वतंत्र, ते बघा.

प्रश्न: मुलीच्या हॉस्टेलमध्ये काय तपासावं? (आई, मंगळवेढा)

आधी पाणी. वापराचं पाणी रोज येतं का, टाकी किती लिटरची, एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो का, हे रेक्टरबाईंना आणि मग वेगळं एखाद्या मुलीला विचारा. संध्याकाळी सात-साडेसातला जा, मेसमध्ये पैसे देऊन जेवा आणि लगेच स्वच्छतागृह बघा. रात्री कोणी आजारी पडलं तर गाडी कोणाची आणि दवाखान्यात सोबत कोण जातं, याचं नेमकं नाव मिळायला हवं. कॉलेज गावाबाहेर असेल तर शेवटची बस किती वाजता, हे स्टँडवर जाऊन बघा. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक 1800-180-5522 मुलीच्या मोबाइलमध्ये आणि तुमच्याही मोबाइलमध्ये असू द्या.

प्रश्न: बी.कॉम.ला प्रवेश घेतला होता, आता दुसरीकडे नंबर लागलाय. पहिलं कॉलेज मूळ मार्कशीट आणि टीसी देत नाही, फीही परत नाही म्हणतं. (विद्यार्थी, सोलापूर)

मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 च्या अधिसूचनेनुसार कॉलेजनं मूळ कागद फक्त पडताळायचे आणि लगेच परत द्यायचे. फी परत मिळण्याचे टप्पेही तिथेच ठरवून दिले आहेत: प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून जास्त दिवस आधी रद्द केलास तर 100 टक्के, त्यानंतर पण शेवटच्या तारखेच्या आत 90 टक्के, शेवटच्या तारखेनंतर 15 दिवसांत 80 टक्के, 16 ते 30 दिवसांत 50 टक्के, पुढे काही नाही. पूर्ण परतीच्या टप्प्यात थोडी प्रक्रिया फी कापता येते. म्हणून रोज खेटे घालून तोंडी विनवण्या करण्यात दिवस घालवू नकोस. आजच्या तारखेचा प्रवेश रद्द करण्याचा लेखी अर्ज दोन प्रतींत कर, पावतीची झेरॉक्स जोड, एक प्रत आवक-जावक खिडकीवर दे आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. प्रत घ्यायला नकार दिला तर तोच अर्ज कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठव आणि रजिस्टर्ड पोस्टानं प्राचार्यांच्या नावे टाक. तरी दाद लागली नाही तर त्या शिक्क्याच्या प्रतीसह विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण कक्षाकडे अर्ज करायचा. कोणता टप्पा लागू होतो ते तुझ्या लेखी अर्जाच्या तारखेवरून ठरतं.